तेलातलं पाणी
तेलाला हात न लावता, कॉम्प्युटरपुढं बसून कच्च्या तेलातलं पाणी काढणारा माणूस बेल्ह्याच्या कुंडलिकला पटेचना. म्हणून लेक बघायला आलेल्या अमृतपुढं त्यानं पाणी मिसळलेल्या डिझेलची बाटली हलवून ठेवली. “काढा, पावणं.” “ठेवून द्या, आपोआप खाली बसेल.” “मग कंपनी पगार कशाचा देती?” “कच्च्या तेलात पाण्याचे थेंब फार बारीक. वीज देऊन एकत्र आणावे लागतात. जास्त दिली तर उलट फुटतात. म्हणून आधी कॉम्प्युटरवर करून बघतो.” कुंडलिकचा संशय आता लेकीच्या लग्नापर्यंत पोचला. “ही सोयरीक बी तशी करून बघितली काय?” अमृत ओशाळला. “दोनदा.” “काय निघालं?” “दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात. तरी आलो.” कुंडलिकनं बाटली उचलून खिडकीत ठेवली. “मला वाटलंच व्हतं, तुमच्या कॉम्प्युटरचा काय भरवसा न्हाई. लग्नाची तारीख मात्र गुरुजींकडनं काढू.”