वाराचं नाव

असामोआचे टॉवर उभारणीचे कंत्राट सोमवारी सुरू व्हायचे होते. कंपनीने ते मंगळवारवर ढकलले, मग बुधवारवर. एकदा तो कामासाठी उत्तरेला गेला की महिनाभर परतणे नव्हते आणि इकडे बायकोचे, सेर्वाचे, दिवस भरले होते. हरमटान या कोरड्या वाळवंटी वाऱ्याच्या धुळीत सारे कुमासी शहर दुधात बुडाल्यासारखे अंधूक झाले होते. इथल्या रीतीने मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव घेऊनच येते. म्हणून असामोआ रोज सकाळी सेर्वाच्या पोटाला कान लावून त्या दिवसाच्या नावाने हाक मारी. सोमवारी "आजोआ", मंगळवारी "अबेना", बुधवारी "अकुआ".

"जन्माआधीच लेकीला किती नावं ठेवशील?" सेर्वा हसली. "तुझ्या कंपनीवरच गेलीय ती. आज येते, उद्या येते."

गुरुवारी साहेबांचा फोन आला. "उद्या नक्की. सकाळी हजर राहा, नाहीतर दुसरा माणूस घेतो."

हेच ऐकायला तो सोमवारपासून झुरला होता. त्याचा कान अजून पोटाशीच होता. आत कोणीतरी अलगद कूस बदलली.

"दुसऱ्यालाच घ्या, साहेब," तो कुजबुजला. "माझं काम सोमवारीच सुरू झालं."