शेवटची घाणेरी

"टेकडीवरची शेवटची घाणेरी उपटेपर्यंत आमरसाला शिवणार नाही," शेवडेकाकांनी होळीलाच स्वयंसेवकांसमोर शपथ घेतली होती. त्या परदेशी झुडपाने देशी झाडांचा गळा आवळला होता.

अक्षय्य तृतीयेला एकच झुडूप उरलं. काकांनी कुदळ उगारताच आतून बुलबुल उडाली. घरट्यात तीन अंडी होती. त्यांनी कुदळ टाकली. म्हणाले, "पक्षी देशी आहे."

पिल्लं उडाली त्या सकाळी काकूंनी आमरस काढून ठेवला. काका टेकडीवर पोचले, तर बुलबुल चोचीत काडी धरून पुन्हा त्याच झुडपात शिरत होती.

"अहो, आंबे संपत आलेत. चोरून खा वाटीभर, बुलबुल चहाडी करणार नाही," काकू म्हणाल्या.

उन्हाने पानं गळून घरटं उघडं पडू लागलं. काका बाटली घेऊन टेकडी चढले. "मरू नकोस," घाणेरीच्या मुळाशी पाणी ओतत ते म्हणाले. "तुला मीच मारणार आहे."