उरलेली दोन

पोरीला पाढे तोंडपाठ होते, पण भागाकार आला की गाडी अडायची. बाकी कितीही उरो, ही आपली खाली शून्य लिहून मोकळी! "उद्याच्या चाचणीतही हेच झालं, तर तिला वरच्या वर्गात कशी घालू?" असं बाईंनी आज चारचौघांत आईला सुनावलं होतं.

"आलं का काही, का आईवर गेलीय?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

आईचं डोकं सणकलं. तिनं डबा उपडा करून चौदा बिस्किटं टेबलावर ओतली आणि फडताळातून तीन ताटल्या काढून आपटल्या.

"ही बाबांची, ही दादाची, ही तुझी. वाट आता सारखी!"

पोरीनं अख्खी बिस्किटं निवडून निवडून तिन्ही ताटल्यांत चार-चार ठेवली. टेबलावर दोन मोडकी राहिली.

"हं, बाकी किती?"

पोरीनं एकदा आईच्या हाताकडे पाहिलं. "शून्य."

"डोळे फुटले का तुझे?" आईचा हात वर गेला. "मग ही दोन काय आहेत?"

पोर अंग चोरून भिंतीला टेकली. डोळे भरून आले, तरी उत्तर काही तिनं बदललं नाही.

 

"ती उरलेली नाहीत गं आई. ती तुझी आहेत ना, रोजच्यासारखी."