मिटलेले ओठ

यंत्राच्या तारा डोक्याला नीट चिकटाव्यात म्हणून रघूनं बहिणीचं डोकं घरूनच भादरून आणलं होतं. मी फक्त केसांतलं तेल धुवून आणायला सांगितलं होतं.

"धुवायला येळ कोणाला हाय, डॉक्टर?" तो म्हणाला.

गंगाला जवळ कोणी नसतानाही आवाज ऐकू यायचे. स्किझोफ्रेनिया. देवरूखहून तो तिला रत्नागिरीला माझ्या दवाखान्यात आणायचा आणि मी तिच्या मेंदूचे आलेख काढायचे. आज तुलनेसाठी निरोगी माणूस हवा होता, म्हणून यंत्राच्या अर्ध्या तारा रघूच्या डोक्याला लावल्या.

दोघं डोळे मिटून बसली. कागदावर पेनं खरखरू लागली.

"दादा, गप बस ना," गंगा म्हणाली.

रघू गप्पच होता.

पण कागदावर आधी त्याच्या रेघा उसळत होत्या, बोलणाऱ्या माणसाच्या उसळतात तशा. मग लगेच तिच्या, ऐकणाऱ्याच्या. पुन्हा त्याच्या. पुन्हा तिच्या. गंगा रडू लागली.

मी मान वर केली. रघू डोळे उघडून माझ्याकडेच बघत होता.

"मनस्विनी," तो म्हणाला. दवाखान्यात मला नावानं कोणी हाक मारत नाही. त्याचे ओठ मिटलेलेच होते आणि आवाज माझ्या कानाच्या आतून आला. "आता कोणाला सांगशील?"

दारातून नर्स हेमानं विचारलं, "मॅडम, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "गंगाचा डोस वाढव."