राखून ठेवलेला डाव

“कुठल्या हातानं धरतोय?” परशुराम वस्तादांनी विचारलं.

“दोनूय हातांनी,” तारा म्हणाली. “खालसून. आणि सोडीतच नाय.”

तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटाभोवती बोटांचे निळसर वळ होते, मधे नखांचे ओरखडे. वस्तादांनी ते पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

“घरातलंच माणूस?”

तारा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. वस्तादांनी पुढं काही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

वस्ताद मूळचे कोल्हापूरकडचे, मर्दानी खेळात लाठी फिरवून नाव काढलेले. डिचोलीला खाणीवर कामाला आले आणि वय झाल्यावर तिथंच वॉचमन होऊन राहिले. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून वर्ष झालं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या झाल्या, पण बसमध्ये बायकांच्या अंगचटीला येणारे जुनेच राहिले. म्हणून दर रविवारी दुपारी देवळामागच्या मांडवात वस्ताद बायकांना शिकवत. छत्री कुठं खुपसायची, पदर ओढला तर काय करायचं, केस धरले तर मान कशी वाचवायची, असलं घरगुती शिक्षण. घ्यायचे काही नाहीत.

का शिकवतात ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तालमीत गावची पोरं तयार केली, पण पोटच्या हौसाला त्यांनी लाठीला हात लावू दिला नव्हता. पोरीला काय करायचंय, असं तेच म्हणाले होते. हौसाला सासरी दिली. दोन वर्षं ती सणालाही आली नाही, आणि मग ती गेल्याची तारच आली. ताराच्या मनगटावरचे वळ बघून त्यांनी नजर वळवली ती त्यामुळं.

“हे बघ पोरी, पकडीचं बळ असतंय चार बोटांत. कच्चा असतोय अंगठा. हात ओढायचा न्हाई, अंगठ्याकडनं फिरवून काढायचा.”

तारा चटकन शिकली. ओली मासळी निसटावी तसा तिचा हात निसटायचा. मग तिनं विचारलं, “बसलेल्या माणसान धरल्यार?”

“बसून कोण धरतंय?” वस्ताद हसले. मग त्यांना दारू पिऊन ओसरीवर लवंडलेले नवरे आठवले आणि हसू मावळलं. ते स्वतः जमिनीवर बसले आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तारानं झटक्यात सोडवून घेतलं.

पुढच्या रविवारी वळ होतेच.

“सुटता,” ती म्हणाली. “पण परत धरतात.”

“मारतोय का?”

“मार न्हय. धरतात.”

मार खाणारी बाई मार लागला म्हणून कधी सांगत नाही, हे वस्तादांना फार उशिरा कळलं होतं.

वस्तादानं एक डाव राखून ठेवायचा, ही तालमीची रीत. शिष्य उलटला तर कामाला येतो. त्यांच्या वस्तादांनी मरणाच्या दारात तो त्यांना दिला होता आणि त्यांनी तो कुणालाच दिला नव्हता. त्या दिवशी बाकीच्या बायका गेल्यावर त्यांनी ताराला थांबवून घेतलं.

“अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं आन् भाईर उलटवायचं. कट्‌ करून आवाज येईल, भ्यायाचं न्हाई. त्या हातानं पुना काय धरवत न्हाई.”

“कितके दीस?”

“जलमभर म्हण की. पर जिवावर बेतलं तरच. शपथ घे.”

तारानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. शपथ घेतली.

आठ दिवसांनी ती आली तेव्हा मनगटं स्वच्छ होती. हातांत नवा हिरवा चुडा. येताना पोदेराकडचे गरम पाव आणले होते, ते तिनं वस्तादांपुढं ठेवले. त्या दिवशी वस्ताद गुणगुणतच खाणीवर गेले. हौसासाठी जे करता आलं नाही ते कुणाच्या तरी लेकीसाठी केलं, एवढं त्यांना पुष्कळ होतं.

नंतरचे दोन रविवार तारा आली नाही. तिसऱ्या रविवारीही नाही. हौसाही अशीच येईनाशी झाली होती. वस्तादांनी लाठी उचलली आणि ताराच्या गावची, लाटंबार्शाची बस धरली.

घर काजूच्या उतारापलीकडे होतं. शेजारची आनंदी अंगणात बिया वाळत घालत होती.

“ताराच्या नवऱ्याला भेटायचंय,” वस्ताद म्हणाले.

“कृष्णनाथाक? तो हांगा खंय मेळतलो? कुवेताक जावन तीन वर्षां झाली.”

“घरात दुसरा कोण बाप्या?”

“बापय कसलो? तारा आणि तिची सासू, दोघांच. तारा बाजारात गेली आसा. म्हातारी कंबर मोडल्यापासून आंथरुणात. आधी दिवसभर बोंबलायची. आता चुपचाप असता. तारान बरी वळणाक लावली.”

तीन वर्षं. मग ते वळ कुणाचे? कुणीतरी आपल्याला खुळ्यात काढलं, एवढं वस्तादांना कळलं. नवऱ्यासाठी वाटभर साठवत आणलेला राग आता ठेवायचा कुठं, ते कळेना. लाठी दाराशी टेकवून ते आत गेले.

खिडकी बंद होती. कोपऱ्यात जमिनीवरच्या अंथरुणात गंगा, कृष्णनाथाची आई, डोळे मिटून पडली होती. पाण्याचा तांब्या तिच्यापासून चार हात लांब, भिंतीशी होता. वस्तादांनी तो उचलला आणि ते तिच्याजवळ बसायला वाकले.

पावलांच्या चाहुलीनं म्हातारीनं दोन्ही हात घाईघाईनं गोधडीखाली ओढले. तेवढ्यात वस्तादांना दिसलं. दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधल्या होत्या आणि मुळाशी ते काळेनिळे सुजून बाहेरच्या बाजूला कलले होते.

“धरूचंय नाय गो तारा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “आता कधीच धरूचंय नाय.”