किनाऱ्याहून, होडीत, जहाजावर

"हंडी दगडावर आहे. काय म्हणाल?" लेसालेबाईंनी विचारलं.

"ऑन," काल्तोक म्हणाला.

"कंद हंडीत?"

"इन."

"आणि तुम्ही दारापाशी बसलात?"

"ऑन."

"काका, दारावर चढून बसलाय का तुम्ही? ॲट. दारापाशी, ॲट."

काल्तोकने कपाळाला हात लावला. तो गावचा बोलणारा माणूस. लग्न असो, मर्तिक असो, डुकरावरून झालेलं भांडण असो, काल्तोक उभा राहिला की लोक तोंडातला घास थांबवून ऐकायचे. पण त्याच्या बिस्लामात, बेटांवरच्या सगळ्यांच्या बोलीभाषेत, या सगळ्याला मिळून एकच शब्द होता, लोंग. हंडीत लोंग, दगडावर लोंग, दारापाशी लोंग, गावाहून लोंग, गावाला लोंग. जन्मभर त्यावाचून त्याचं काही अडलं नव्हतं.

आता अडलं होतं. शनिवारी ऑस्ट्रेलियाहून ॲव्हिस नावाची पाहुणी येणार होती, आणि तिला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

ॲव्हिस काही परकी नव्हती. काल्तोकच्या पणजोबांची धाकटी बहीण एका सकाळी किनाऱ्यावर गेली आणि उसाच्या मळ्यांसाठी माणसं गोळा करणाऱ्या जहाजातून जी गेली ती गेलीच. तिची ही पणती. जहाजवाले लाल कापड दाखवायचे, चाकू दाखवायचे. गाव म्हणे, पोर कापडाला भुलली, आईला टाकून आपल्या पायांनी जहाजावर चढली. आई म्हणे मरेपर्यंत समुद्राकडे पाठ करून बसायची. हा टोमणा त्या घराला चिकटला तो चिकटलाच. बांधावरून भांडण झालं तरी कोणीतरी म्हणायचंच, "कापडासाठी आईला सोडणारी माणसं तुम्ही."

काल्तोकला हे एकदाचं मिटवायचं होतं. घराच्या वतीने त्या पोरीला माफ करायचं, आणि तेही पाहुणीला कळेल अशा भाषेत, एकही चूक न करता. अर्धीमुर्धी माफी लागू पडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून रोज संध्याकाळी शाळेच्या लेसालेबाई त्याच्या चुलीपाशी येऊन बसायच्या.

"शेवटचं वाक्य म्हणा. आमच्या घरात राहा."

"लीव्ह अवर हाऊस."

"झालं. पाहुणी आली नाही तोच तिला हाकलून दिलीत."

"मी कुठे? राहा म्हटलं की."

"आखूड म्हणा काका. लिव्ह इन. लांबवलंत की चालती हो."

काल्तोक थक्क झाला. "एवढ्याशा श्वासात माणूस घरातला की बाहेरचा ते ठरतं?" तो खरोखर भारावून गेला होता. कुठून, कुठे, आत, वर, प्रत्येकाला वेगळा शब्द. ज्यांना इतकं चोख सांगता येतं त्यांचं कधी काही हरवत नसेल, असं त्याला वाटलं.

कोपऱ्यात लेमाऊ बुबू कंद खरवडत स्वतःशीच पुटपुटत होती. गावातली सगळ्यात म्हातारी, म्हणून सगळ्यांची बुबू, म्हणजे आजी. साथीत डोंगरावरच्या वाड्या ओस पडल्या, उरलीसुरली माणसं खाली मिशनपाशी येऊन राहिली आणि सगळे बिस्लामाच बोलू लागले. बुबूचं मात्र मधूनच काहीतरी भलतंच चालायचं. "बुबू डुकरांशी बोलते," पोरं म्हणायची आणि हसायची.

"बुबू, जरा गप बस गं," काल्तोक म्हणाला. "इथे माझा अभ्यास चाललाय."

"कर बाबा. मी कुठे तुझी जीभ धरलीय?" बुबू म्हणाली आणि पुन्हा पुटपुटू लागली.

शनिवारी पहाटेपासून लपलपची, म्हणजे तापल्या दगडांत भाजायच्या कंदाच्या लगद्याची, तयारी सुरू झाली. पोरी बांबूच्या नळ्या घेऊन किनाऱ्यावर गेल्या. कंदाच्या लगद्यात समुद्राचं पाणी घातल्याशिवाय त्याला चव येत नाही. नळी भरली की तिथूनच आईला हाक मारायची, म्हणजे ती चुलीतले तापलेले दगड बाजूला करून ठेवते. सगळा किनारा त्या हाकांनी दुमदुमला होता.

ॲव्हिस आली ती साधीच बाई निघाली, सत्तरीची, रुंद नाकाची, थेट काल्तोकच्या आईच्या चेहऱ्याची. तिला बघून बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या.

काल्तोक उभा राहिला. किनाऱ्याहून, होडीत, जहाजावर, परदेशाला, एकेक शब्द जागच्या जागी बसवत तो बोलला. ती आपण होऊन गेली, तरी आमच्या मनात राग नाही, आम्ही तिला माफ केलं आहे, आमच्या घरात राहा. लिव्ह त्याने चांगला आखूड म्हटला. लेसालेबाईंनी डोळे पुसले.

ॲव्हिस म्हणाली, आणि लेसालेबाईंनी ते बिस्लामात सांगितलं, "माझ्याकडे एकच वाक्य आहे. पणजीने आजीला शिकवलं, आजीने मला. कधी परत गेलीस तर हे म्हण, एवढंच सांगितलं. अर्थ कोणालाच माहीत नाही."

ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली आणि तोंडाशी हात धरून तिने ते वाक्य घरांच्या दिशेने हाक मारावी तसं म्हटलं.

कोणाला काही कळलं नाही. हे इंग्रजी कुठल्या धड्यात होतं, काल्तोक आठवू लागला.

चुलीपाशी बुबूचं खरवडणं थांबलं. तिने मान वर केली आणि त्याच भलत्या बोलीत, मोठ्याने, ॲव्हिसला उत्तर दिलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चुलीतले दगड बाजूला करू लागली.

"बुबू," काल्तोक तिच्याजवळ गेला. "काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार?" बुबू म्हणाली. "आई, पाणी भरलं, आलेच."