जामीनदाराचा गॉगल

माझ्या गाडीच्या कर्जाला मोठे दीर जामीन राहिले आणि तेव्हापासून दर रविवारी गाडी त्यांची झाली. सोमवारी दवाखान्यात ड्युटीला निघताना मी आधी सीट पुढे ओढायचे, मग आरसा खाली वळवायचे. काही बोललं की त्यांचं उत्तर ठरलेलं, “कागदावर सही कोणाची आहे?” शेवटी दोन वर्षं बाकी असतानाच मी कर्ज फेडून टाकलं. “मुदतीआधी बंद केलंत तर दंड पडेल, मॅडम,” फायनान्सवाला म्हणाला. “पडू दे,” मी म्हटलं. “कटकट तरी सुटेल.” रविवारी दीर आले आणि सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. नवऱ्यानं पेपरात डोकं खुपसलं. मी त्याच हातावर कर्ज संपल्याचं पत्र ठेवलं. “भाऊजी, तुम्ही मोकळे झालात.” त्यांचं वाचून होईपर्यंत गाडीतला त्यांचा गॉगल आणून पत्रावर ठेवला. “घाला. बसस्टॉपपर्यंत ऊन फार आहे.”